वारं गेलेल्या अंगाला व्यायामाने खरंच फरक पडतो का?

वाचकाचं पत्र

ताई, नमस्कार. आम्ही फलटण तालुक्यातले. माझे सासरे, आबा, वय ६४. जूनमध्ये पेरणीच्या धांदलीत त्यांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं, अर्धांगवायू झाला. आता साडेचार महिने होत आले. भिंतीला धरून चालतात, पण उजवा पाय फरफटतो. मूठ मिटते, बोटं अर्धवट उघडतात, मनगट जरासं वर येतं. खांदा मात्र फार दुखतो. बोलणं सावकाश झालंय, पण समजतं सगळं. फिजिओथेरपीवाले दीड महिना घरी येत होते. आबांना झोपवून हातपाय हलवायचे, करंट लावायचे. दाराला दोरीची पुली बांधून दिली, रबरी चेंडू दाबायला दिला. रोजचे पैसे जात होते आणि फरक दिसेना, म्हणून बंद केलं. आता सकाळ-संध्याकाळ तेलाने मालिश करतो. सासूबाई त्यांना हाताने भरवतात. धाकटे दीर म्हणतात, पुण्यात रोबोवर व्यायाम करून घेतात तिथे ठेवू. खर्च ऐकून पोटात गोळा आला. शेजारीपाजारी म्हणतात, सहा महिन्यांत यायचं ते येतं, नंतर काही होत नाही. आबा मधेच रडायला लागतात. ताई, या व्यायामाने खरंच काही होतं, की घरच्यांच्या समाधानासाठी करायचा असतो?
– एक सून

उत्तर

सप्रेम नमस्कार.

होतं. नक्की होतं. पण तुमच्या घरी दीड महिना जे चाललं होतं, त्यातल्या बहुतेक गोष्टींना मी व्यायाम म्हणणार नाही. आबा पलंगावर पडलेले आणि दुसरं कुणीतरी त्यांचा हात वर-खाली करतंय, यात घाम त्या दुसऱ्या माणसाला फुटतो. सांधे आखडू नयेत म्हणून एवढं करावं लागतं, सुरुवातीला तर लागतंच. पण त्याने हात चालायला लागत नाही. हात चालायला लागतो तो आबांनी स्वतः जोर लावून, चुकत, अडखळत तो चालवायचा प्रयत्न केला तर. तुम्हाला फरक दिसला नाही हे मला पटतं. फरक पडेल असं त्यात फारसं काही नव्हतंच.

आबांच्या उजव्या हातापायाचे स्नायू मुळात धड आहेत. बिघाड मेंदूच्या डाव्या बाजूला झाला आहे. रक्तपुरवठा तुटल्यामुळे तिथल्या काही पेशी मेल्या. त्या परत येत नाहीत. पण आजूबाजूच्या आणि दूरच्या पेशी नवे जोड तयार करतात आणि गेलेल्या पेशींचं काही काम उचलतात. मुख्य पाट फुटला की आपण बाजूच्या चरीतून पाणी काढतो. ती चर वाहती राहिली तर रुंद होते, नाहीतर दोन पावसांत बुजते. इथेही तसंच आहे. मेंदूतली नवी वाट वापरली तर टिकते, आणि ती वापरली जाते रुग्णाने स्वतः केलेल्या हालचालीने.

म्हणूनच रोजच्या कामातली एखादी हालचाल पुन्हा पुन्हा करून घेणं, हा अर्धांगवायूनंतरच्या उपचाराचा कणा मानला जातो. खुर्चीतून उठणं, पेला उचलणं, दार उघडणं, चार पावलं चालणं. २०१६ साली ‘कॉक्रेन’ या संस्थेने अशा सरावाच्या ३३ चाचण्या एकत्र तपासल्या. हाताचं काम आणि चालणं, दोन्ही सुधारलं होतं. सुधारणा मोजकी होती, चमत्कार नव्हता, पण ती महिनोन्‌महिने टिकली होती. मी रुग्णांच्या घरच्यांना हे याच शब्दांत सांगते. चमत्काराची वाट बघणारं घर दीड महिन्यात थकतं, आणि मोजकी सुधारणा हाती येण्याआधीच सराव बंद पडतो.

आता किती करायचं ते बघू. अमेरिकेत थेरपीच्या सत्रांचं नुसतं निरीक्षण करून २००९ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. एका सत्रात रुग्णाचा लुळा हात कामाची हालचाल किती वेळा करतो, हे त्यात मोजलं होतं. सरासरी आली ३२. प्रयोगशाळेतल्या प्राण्यांच्या मेंदूत बदल दिसायला दिवसाला काही शे आवर्तनं लागतात. ही तफावत बघितली की ‘फिजिओथेरपी केली, पण फरक पडला नाही’ या तक्रारीचा बराच उलगडा होतो. इंग्लंडच्या ‘नाइस’ या सरकारी संस्थेच्या २०२३ च्या मार्गदर्शक सूचना तर दिवसाला किमान तीन तास, आठवड्यातून किमान पाच दिवस पुनर्वसन द्या असं सांगतात. फिजिओथेरपी, ऑक्युपेशनल थेरपी (म्हणजे रोजची कामं पुन्हा शिकवणारा उपचार), बोलण्याचा सराव हे सगळं त्या तीन तासांत धरलेलं आहे. आपल्याकडे पाऊण तासाची भेट म्हणजे दिवसभराचा व्यायाम उरकला असं समजतात. उरलेला दिवस आबा पलंगावर छताकडे बघत पडून असतात.

पण नुसता आकडा फुगवूनही भागत नाही, हेही सांगायला हवं. २०१६ साली, वारं जाऊन बराच काळ लोटलेल्या ८५ रुग्णांवरची एक चाचणी प्रसिद्ध झाली. कुणाकडून एकूण ३,२०० वेळा हाताचा सराव करून घेतला, कुणाकडून ६,४००, तर कुणाकडून ९,६०० वेळा. जास्त आवर्तनं केलेल्यांना जास्त फायदा झाला असं दिसलं नाही. मला यातून एवढंच कळतं की जपमाळ ओढल्यासारखा व्यायाम करू नये. हालचाल माणसाला थोडी जड जाणारी हवी, त्याच्या कामाची हवी आणि जमायला लागली की आणखी अवघड करायला हवी. चेंडू दाबणं सोपं वाटतं म्हणून आबा दिवसाकाठी दोनशे वेळा दाबतील, पण त्यांची मूठ मिटतेच आहे. अडचण ती उघडण्याची आहे. तो चेंडू नातवाला खेळायला द्या.

आता हाताकडे येते. तुमच्या पत्रातलं मला सगळ्यात आवडलेलं वाक्य म्हणजे ‘बोटं अर्धवट उघडतात, मनगट जरासं वर येतं’. तुम्ही ते जाता जाता लिहिलंय, पण आम्ही तपासताना आधी हेच बघतो. मनगट आणि बोटं स्वतःहून थोडी तरी वर येत असतील, तर त्या हाताकडून काम करून घ्यायची संधी आहे. अमेरिकेत ‘एक्साइट’ नावाची मोठी चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २००६ साली आले. वारं जाऊन तीन ते नऊ महिने झालेले २२२ रुग्ण तिच्यात होते. एका गटाच्या चांगल्या हातात दोन आठवडे जाड मोजा घातला, जागेपणीचा बहुतेक सगळा वेळ, आणि दुबळ्या हाताकडून रोज काही तास काम करून घेतलं. वर्षभरानंतरही त्या गटाचा हात नेहमीचे उपचार घेतलेल्यांपेक्षा चांगला चालत होता. आबा आज नेमके त्या तीन ते नऊ महिन्यांत आहेत.

या पद्धतीमागचा विचार एडवर्ड टाउब या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाचा. हात चालत नाही म्हणून माणूस तो वापरायचं सोडतो, दुसऱ्या हाताने भागवतो, आणि पुढे हातात थोडी ताकद आली तरी तो वापरायचा असतो हेच विसरतो. तुमच्या घरी तर चांगल्या हातालाही सुट्टी आहे, कारण सासूबाई भरवतात.

सासूबाईंना हे सांगताना जपून सांगा. गेले साडेचार महिने त्यांच्या हातात आबांसाठी करता येण्यासारखं एवढंच होतं, आणि ते त्यांनी मनापासून केलं. ‘तुम्ही भरवता म्हणून हात सुधारत नाही’ असं म्हटलं तर ते काळजाला लागेल. त्यापेक्षा त्यांनाच या कामात घ्या. रोज एका जेवणातले पहिले पाच घास आबांनी उजव्या हाताने खायचे, आणि घाई न करता समोर बसून राहायचं काम सासूबाईंचं. चमच्याच्या दांड्याला फडकं गुंडाळून तो जाड करा, पकडायला सोपा जातो. मऊ खिचडी किंवा शिरा द्या, खोलगट वाटीत, आणि वाटीखाली ओलं फडकं ठेवा म्हणजे ती सरकणार नाही. सांडेल, अंगावर पडेल. पुसायचं आणि पुढचा घास. पाच घास झाले की बाकीचं जेवण डाव्या हाताने किंवा सासूबाईंच्या हातून. जमेल तसे घास वाढवा. एक काळजी घ्या: पाणी पिताना किंवा खाताना आबांना ठसका लागत असेल, तर आधी डॉक्टरांकडून गिळण्याची तपासणी करून घ्या.

जेवणाखेरीजही हाताला घरातलीच कामं द्या. टेबलावर टॉवेल पसरून त्यावर उजवा पंजा ठेवायचा आणि पुढे ढकलत टेबल पुसायचं. स्टीलची रिकामी वाटी उचलून जरा लांब ठेवायची, आणि ठेवल्यावर बोटं पूर्ण उघडून सोडायची. यातलं सोडणंच जास्त महत्त्वाचं आहे. भुईमुगाच्या शेंगा एका ताटातून दुसऱ्या ताटात टाकायच्या. डब्याचं झाकण काढायचं. आबा शेतकरी आहेत, त्यांच्या हाताला आयुष्यभर कामाची सवय आहे. शेंगा निवडताना त्यांचं मन जितकं लागेल तितकं हवेत बोटं हलवताना लागणार नाही. चांगल्या हाताला मोजा घालायचं मात्र तुमचं तुम्ही सुरू करू नका, थेरपिस्टला विचारूनच करा. आणि चालताना तर अजिबात नको, कारण तोल गेला तर आधाराला तोच हात मोकळा लागतो.

पायासाठी एकच व्यायाम निवडा असं कुणी मला म्हटलं, तर मी खुर्चीतून उठणं-बसणं निवडेन. जड, न हलणारी खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. सुरुवातीला तिच्यावर घडी घातलेली गोधडी टाका. बैठक उंच असली की उठायला सोपं जातं. आबांनी खुर्चीच्या पुढच्या कडेशी सरकून बसायचं. दोन्ही पावलं जमिनीला पूर्ण टेकलेली, टाचा गुडघ्यांच्या थोड्या मागे. आता बारकाईने बघा: आबा सगळं वजन डाव्या पायावर टाकून उठत असतील. बहुतेक जण तसंच करतात, आणि मग उजवा पाय नुसता शोभेला राहतो. म्हणून डावं पाऊल चार बोटं पुढे ठेवा, म्हणजे उजव्याला भार घ्यावाच लागेल. मग पुढे वाकायचं, नाक पायाच्या बोटांच्या पुढे येईपर्यंत, आणि तसंच पुढे जात जात वर उठायचं. उभं राहिल्यावर उजवा गुडघा झटका देऊन मागे जात नाही ना, ते बघा. बसताना धपकन बसायचं नाही. मनात चार अंक मोजत सावकाश खाली यायचं. बसण्यातली ही सावकाशीही ताकद वाढवते. तुमच्यापैकी एकाने उजव्या बाजूला उभं राहायचं. पडायला लागले तर कमरेला धरायचं, हाताला नाही. एका वेळी आठ-दहा, दिवसातून तीनदा. सहज जमायला लागलं की गोधडी काढा.

चालण्याबद्दल थोडक्यात सांगते. पाऊल फरफटतं ते घोट्यातून वर उचललं जात नाही म्हणून. त्यासाठी पायाचा हलका स्प्लिंट, म्हणजे पाऊल धरून ठेवणारा आधार मिळतो, तो बूट-चपलेत घालता येतो. थेरपिस्टने बघून मापाचा घ्यायला सांगितला तर घ्या, तो आधी घेतला म्हणजे सुधारणा थांबते असं नाही. घरात साधी स्लिपर नको, मागे पट्टा असलेली चप्पल घाला. मोरीत आणि संडासात भिंतीला दांडा ठोकून घ्या.

आता खांदा. ही बाब तातडीची आहे. दाराची ती पुली आजच्या आज काढून टाका. वारं गेलेल्या बाजूचा खांदा स्नायूंच्या आधाराशिवाय सांध्यात सैल लोंबत असतो. चांगल्या हाताने दोरी ओढून त्याला डोक्यावर नेलं की आतले मऊ भाग चिमटतात आणि दुखणं वाढतं. अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या २०१६ च्या सूचनांमध्येही डोक्यावरच्या पुलीचा व्यायाम टाळा असंच सांगितलं आहे. तरीही गावोगाव दारांना त्या पुल्या टांगलेल्या दिसतात आणि मला फार वाईट वाटतं, कारण दुखऱ्या खांद्याचा माणूस पुढे हात हलवायलाच तयार होत नाही. आबांना उठवताना काखेत हात घालून किंवा दंड धरून ओढू नका. कपडे घालताना दुबळा हात आधी, काढताना शेवटी. बसलेले असताना उजवा हात मांडीवर उशी घेऊन त्यावर किंवा टेबलावर ठेवा, बाजूला लोंबू देऊ नका. झोपतानाही त्या हाताखाली उशी हवी. एवढं करूनही आठवडाभरात दुखणं कमी झालं नाही, तर डॉक्टरांना दाखवा, त्यावर उपचार आहेत.

मालिशचं लिहिलंय. आबांना बरं वाटत असेल, झोप लागत असेल तर हलक्या हाताने करा. त्यात वाईट काही नाही, फक्त खांदा ओढू-चोळू नका. पण त्याने हालचाल परत येत नाही. दिवसाचा तास-दीड तास मालिशला आणि दहा मिनिटं सरावाला अशी वाटणी असेल, तर ती उलटी करा. करंटचंही तसंच. मनगट वर उचलायचा प्रयत्न आबा करत असताना त्याच स्नायूला करंट दिला, तर काहींना उपयोग होतो. डोळे मिटून पडलेल्या माणसाला मशीन लावून ठेवलं, तर फार काही पदरात पडत नाही.

तुमच्या दिरांचा हेतू चांगला आहे, पण रोबोसाठी कर्ज काढू नका. ब्रिटनमध्ये ७७० रुग्णांवर हाताच्या रोबोची चाचणी झाली, ‘रॅटल्स’ नावाची, २०१९ साली निष्कर्ष आले. नेहमीच्या उपचारांपेक्षा रोबोने हाताचं काम जास्त सुधारलं नाही. चालण्यासाठीही अमेरिकेत २०११ साली ४०८ रुग्णांची ‘लीप्स’ ही चाचणी प्रसिद्ध झाली. एका बाजूला पट्ट्यांनी वजन उचलून धरणारी ट्रेडमिल, दुसऱ्या बाजूला फिजिओथेरपिस्टने घरी येऊन करून घेतलेले ताकदीचे आणि तोलाचे व्यायाम. वर्षअखेरीला निम्म्याहून थोड्या जास्त, ५२ टक्के रुग्णांचं चालणं सुधारलं होतं, आणि ट्रेडमिलवाले घरी व्यायाम करणाऱ्यांच्या पुढे गेले नव्हते. मशीन वाईट नाही. रोबोने आवर्तनं भरपूर होतात, आणि परवडत असेल, घराजवळ असेल तर त्याचा सराव म्हणून उपयोग करावा. पण तुमच्या परिस्थितीत तोच पैसा वर्षभराच्या चांगल्या थेरपिस्टला पुरेल.

याच ‘लीप्स’मध्ये शेजाऱ्यांच्या सहा महिन्यांच्या बोलण्याचं उत्तरही आहे. त्यातल्या एका गटाला ट्रेडमिलचा सराव मुद्दाम सहा महिने उलटल्यावर सुरू केला होता, आणि वर्षअखेरीला तोही गट बाकीच्यांच्या बरोबरीला आला. लंडनच्या क्वीन स्क्वेअर इथल्या मेंदूविकारांच्या रुग्णालयात तर जुन्या रुग्णांकडून तीन आठवडे, एकूण ९० तास हाताचा सराव करून घेतात. तिथल्या २२४ रुग्णांचे निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यातल्या निम्म्या लोकांना वारं जाऊन दीड वर्ष किंवा त्याहून जास्त काळ लोटला होता. त्यांचेही हात सुधारले, आणि सहा महिन्यांनी पाहिलं तेव्हा सुधारणा टिकून होती. शेजाऱ्यांच्या बोलण्यात खरं एवढंच की पहिल्या तीन महिन्यांत शरीर आपोआप बरंच काही परत देतं आणि मग तो वेग मंदावतो. पुढचं कष्टाने मिळवावं लागतं. सहा महिन्यांवर फाटक लागत नाही. पण तुम्ही साडेचार महिन्यांवर आहात, तेव्हा उद्यापासून सुरू करा, दिवाळी होऊ द्या असं म्हणू नका.

हे वाचून ‘मग आपलं आपणच घरी करू’ असं वाटेल. तिथे मला तुम्हाला थांबवायचं आहे. आपल्याच देशात १४ रुग्णालयांमधल्या १,२५० रुग्णांवर ‘अटेंड’ ही चाचणी झाली, २०१७ साली ती ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आली. निम्म्या रुग्णांच्या घरच्यांना शिकवून पुनर्वसनाचं काम त्यांच्यावर सोपवलं, बाकीच्यांना नेहमीसारखे उपचार. सहा महिन्यांनी दोन्ही गट सारखेच निघाले: मरण पावलेले किंवा परावलंबी राहिलेले ४७ टक्के इकडेही, ४७ टक्के तिकडेही. थेरपिस्ट दुर्मीळ असलेल्या आपल्या देशाला त्या चाचणीकडून फार आशा होती, मलाही होती. घरच्यांची माया आणि कष्ट कमी पडले असं मी म्हणणार नाही. पण व्यायाम कधी अवघड करायचा, माणूस कुठे चोरवाटेने हालचाल करतोय, खांदा पुढे फेकून हात उचलतोय की खरंच उचलतोय, हे ओळखायला शिकलेला डोळा लागतो. सराव घरी व्हावा, तो ठरवावा आणि तपासावा मात्र जाणकाराने.

म्हणून पैशाचा हिशेब असा बसवा. रोज येणारा माणूस नको. सुरुवातीचे दोन-तीन आठवडे आठवड्यातून दोनदा, मग पंधरा दिवसांतून एकदा. प्रत्येक भेटीत त्यांनी पुढचा सराव लिहून द्यायचा, तुमच्याकडून करून घ्यायचा आणि तुमच्या मोबाइलवर त्याचा व्हिडिओ घेऊ द्यायचा. पहिल्याच भेटीत विचारा: ‘येत्या महिन्यात आबांना काय जमायला हवं?’ ठोस उत्तर आलं, समजा ‘आधाराशिवाय खुर्चीतून उठणं’ किंवा ‘अंगणाच्या टोकापर्यंत काठी घेऊन जाणं’, तर माणूस योग्य आहे. पदवी विचारायला संकोच करू नका. आपल्या राज्यात फिजिओथेरपिस्ट आणि ऑक्युपेशनल थेरपिस्ट यांची राज्य परिषद आहे, तिच्याकडचा नोंदणी क्रमांक विचारता येतो. चार दिवसांचा कोर्स करून मशीन घेऊन फिरणारेही बरेच असतात. साताऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात चौकशी करा. कराडला फिजिओथेरपीचं कॉलेज आहे, शिकवणाऱ्या अशा ठिकाणी तपासणी नीट होते. महिन्यातून एक फेरी तिकडे झाली तरी चालेल.

हाताच्या कामासाठी ऑक्युपेशनल थेरपिस्ट भेटले तर फारच चांगलं. जेवणं, कपडे घालणं, बटण लावणं, हेच त्यांचं शास्त्र. आपल्या देशात ते शिकवायला सुरुवात मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात १९५० साली कमला निंबकर यांनी केली. जन्माने अमेरिकन, लग्नाने मराठी झालेल्या या बाई म्हणजे तुमच्या फलटणच्या शेतीसंशोधक बनबिहारी निंबकरांच्या आई. तुमच्या गावाकडे हे नाव माहीत नसेल असं नाही, पण त्यांचं हे काम फार थोड्यांना ठाऊक आहे, म्हणून मुद्दाम लिहिलं. बोलण्यासाठी वाचा-उपचारतज्ज्ञ असतात. आबांचं बोलणं सावकाश आहे पण समज शाबूत आहे, तेव्हा त्याही सरावाचा उपयोग होईल. तोवर त्यांचं वाक्य तुम्ही पुरं करू नका, थांबा.

रडण्याचं मनावर घ्या. वारं गेलेल्या सुमारे एक तृतीयांश लोकांना नैराश्य येतं, आणि काही वेळा मेंदूतल्या बिघाडामुळेच दुःख नसतानाही रडू कोसळतं. दोन्हीवर औषधं आहेत. ‘पुरुषासारखे पुरुष असून रडता काय’ असं कुणी म्हणत असेल तर ते आधी बंद करा. मन खचलेला माणूस व्यायाम करत नाही आणि घरचे त्याला आळशी ठरवतात, हे मी फार घरांतून बघते. पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाल तेव्हा हे न विसरता सांगा.

व्यायाम करताना छातीत दुखलं, धाप थांबेना, चक्कर आली तर लगेच थांबायचं. पोटरी एकाएकी सुजून दुखायला लागली तर चोळू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा. रक्तदाबाची आणि रक्त पातळ ठेवण्याची गोळी चालू असेल तर ती एक दिवसही चुकवायची नाही. बाजूला गावठी औषध सुरू करून ही गोळी बंद करणारे लोक आहेत, आणि दुसरा झटका अनेकदा तिथेच येतो. तोंड वाकडं झालं, हात पडला, बोबडी वळली असं पुन्हा कधी दिसलं तर १०८ ला फोन करा आणि सीटी स्कॅनची सोय असलेल्या रुग्णालयातच न्यायला सांगा. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देता येतं.

शेवटी, एक वही घाला. दर रविवारी तीन गोष्टी लिहायच्या: अर्ध्या मिनिटात आबा खुर्चीतून किती वेळा उठले, अंगणात दहा मीटर दोरी टाकून तेवढं अंतर चालायला किती सेकंद लागले, आणि उजव्या हाताने किती घास खाल्ले. रोज बघणाऱ्या माणसाला फरक दिसत नाही, आकड्यात तो दिसतो. सहा आठवडे मनापासून करूनही तिन्ही आकडे जागचे हलले नाहीत, तर व्यायाम सोडू नका, व्यायामाचा आराखडा बदलून घ्या. ही वही थेरपिस्टला पहिल्यांदा भेटाल तेव्हाच दाखवा, आणि करंटचं मशीन बाहेर निघायच्या आत खांदा दुखतो हे सांगून टाका.